भरती-ओहोटीची मैदाने

भरती-ओहोटीची मैदाने : समुद्रकिनारा, खाडी किंवा नदीमुख येथील भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणाऱ्या व ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या, अत्यंत मंद उताराच्या आणि झाडाझुडपांचे आच्छादन नसलेल्या गाळमय प्रदेशास भरती-ओहोटीचे मैदान म्हणतात. गाळ बारीक मातीचा असल्यास त्यास चिखलमैदान व वाळूचा असल्यास वाळूमैदान म्हणतात. पुष्कळ ठिकाणी दोहोंचे मिश्रण आढळते. या मैदानांच्या जमिनीकडील उंच बाजूस उष्ण कटिबंधात कांदळवने (खारफुटीची वने) व समशीतोष्ण कटिबंधात खाऱ्या दलदलीतील गवताळ पट्टे असतात, तर समुद्राकडील बाजूस कायम पाण्याखाली असणारा उथळ तळ असतो. म्हणजे मैदान हा या दोन अधिवासांमधील दुवा होय. डोळ्यांस ते ओसाड दिसते व त्यामुळे ‘पडीक’ जमीन म्हणून त्याची गणना दीर्घकाळ होत आली. प्रत्यक्षात ते किनारी प्रदेशातील सर्वाधिक उत्पादक अधिवासांपैकी एक आहे.

उपग्रहांनी घेतलेल्या प्रतिमांच्या आधारे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार जगातील अशा मैदानांचे क्षेत्रफळ किमान १,२७,९२१ चौ. किमी. आहे. त्यांपैकी ४४% आशिया खंडात असून इंडोनेशिया, चीन, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, भारत, ब्राझील व म्यानमार या आठ देशांत मिळून जवळजवळ निम्मे क्षेत्र आहे. नेदर्लंड्स, जर्मनी व डेन्मार्क यांच्या किनाऱ्यांलगतचा वाडन समुद्र आणि चीन व कोरिया यांच्यामधील पीत समुद्राचा किनारा येथील मैदाने विशेष प्रसिद्ध आहेत. भारतात खंबायतचे आखात, कच्छचे आखात व गंगेचा त्रिभुज प्रदेश येथे ती विस्तीर्ण आहेत. महाराष्ट्रात ठाणे, धरमतर, वसई इ. खाड्यांच्या काठांवर ती आढळतात.

निर्मिती : मैदान तयार होण्यास तीन गोष्टी आवश्यक असतात : भरती व ओहोटी यांच्या पाण्याच्या पातळ्यांत पुरेसे अंतर, गाळाचा अखंड पुरवठा आणि मोठ्या लाटांपासून आडोसा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना पहिली गोष्ट कशी बदलते, हे स्पष्ट दिसते. केरळच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील अंतर सु. १ मी., गोव्याच्या किनाऱ्यावर सु. २ मी., मुंबईस मोठ्या उधाणाच्या वेळी ४ मी.हून अधिक आणि खंबायतच्या आखातात भावनगरजवळ १० मी.हून अधिक असते. मंद उताराच्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी थोडी उतरली, तरी काठ दूरवर मागे सरतो. त्यामुळे उत्तरेकडे उघड्या पडणाऱ्या पट्ट्याची रुंदी वाढत जाते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत मैदानाचा सर्वांत उंच भागही बुडतो. अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या भरतीत मात्र तो अनेक दिवस कोरडा राहू शकतो.

नदीच्या गोड्या पाण्यातून येणारे मातीचे कण अतिसूक्ष्म असल्याने एकेकटे सहसा तळाशी बसत नाहीत. खारे पाणी मिसळताच ते एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके बनतात व जड झाल्यामुळे खाली बसू लागतात. भरती पूर्ण झाल्यावर पाणी काही काळ थबकते, तेव्हा ही क्रिया सर्वांत जास्त होते. पाणी मंदावू लागल्यापासून कण तळाशी पोहोचेपर्यंत प्रवाह त्यास आणखी थोडा किनाऱ्याकडे नेतो. शिवाय एकदा बसलेला कण पुन्हा उचलण्यास, त्यास तरंगत वाहून नेण्यासाठी लागणाऱ्या वेगापेक्षा अधिक वेग लागतो. या दोन कारणांमुळे प्रत्येक भरती थोडा गाळ किनाऱ्याकडे सोडून जाते. म्हणूनच मैदानाच्या वरच्या भागात बारीक चिखल व खालच्या भागात भरड वाळू अशी विभागणी सामान्यतः आढळते. ओहोटीचे पाणी मैदानातून नागमोडी ओहोळांनी परत जाते. या ओहोळांची जाळी झाडाच्या फांद्यांप्रमाणे दिसते.

मैदान हे स्थिर भूरूप नव्हे. वादळी लाटा व पावसाळ्यातील खवळलेला समुद्र त्याची झीज करतात आणि शांत ऋतूत ते पुन्हा भरून निघते. गाळाची आवक व झीज यांचा दीर्घकालीन मेळ बसतो, तोवरच मैदान टिकते. समुद्राची पातळी सावकाश वाढली व गाळ पुरेसा मिळाला, तर मैदान उंच होत जमिनीकडे सरकते. गाळ अधिक झाल्यास ते समुद्राकडे पसरते. या सरकण्याच्या क्षमतेवरच त्याचे अस्तित्व अवलंबून असते.

परिस्थितिविज्ञान : या अधिवासातील सजीवांना दिवसातून दोनदा परस्परविरोधी परिस्थितींस तोंड द्यावे लागते. ओहोटीच्या वेळी कडक ऊन, शुष्कता व बाष्पीभवनामुळे वाढलेली क्षारता. भरतीच्या वेळी खारे पाणी व गढूळपणा. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा, अशी ही परिस्थिती असते. चिखलात ऑक्सिजन अगदी वरच्या काही मिलिमीटर जाडीच्या थरातच असतो. त्याखालील थर लोहाच्या सल्फाइडांमुळे काळा दिसतो. तेथील सूक्ष्मजंतू सल्फेटांचा वापर करून सेंद्रिय पदार्थांचे अपघटन करतात व त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो. खाडीच्या चिखलास येणारा विशिष्ट वास मुख्यतः या वायूचा असतो; तो केवळ घाणीचे लक्षण नव्हे.

मोठ्या वनस्पती नसल्या, तरी मैदानास स्वतःची वनसृष्टी असते. पृष्ठभागावर डायाटम (करंडक वनस्पती) व नील-हरित शैवले यांचा पातळ थर असतो. ओहोटीच्या वेळी चिखलावर दिसणारी सोनेरी-तपकिरी झाक त्यांचीच असते. अनेक डायाटम हालचाल करू शकतात. दिवसा पाणी ओसरले, की ते प्रकाशासाठी वर येतात व भरती येण्यापूर्वी काही मिलिमीटर खाली जातात. त्यांनी स्रवलेल्या चिकट पदार्थामुळे गाळाचे कण बांधले जातात आणि प्रवाहाने होणारी झीज कमी होते. अशा प्रकारे डोळ्यांस न दिसणारे हे सजीव मैदानास अन्नही पुरवितात व त्यास धरूनही ठेवतात. नद्यांनी आणलेला पालापाचोळा व कांदळवनातील कुजलेली पाने हा अन्नाचा दुसरा मोठा स्रोत होय.

या अन्नावर असंख्य लहान प्राणी जगतात. वलयी कृमी, द्विपुटी शिंपले, शंखधारी प्राणी व लहान कवचधारी प्राणी चिखलात बिळे करून राहतात. बिळांतून खेळते राहणारे पाणी ऑक्सिजनयुक्त असल्याने काळ्या थरातही बिळाभोवती तपकिरी कडा निर्माण होते व तेथे वेगळे सूक्ष्मजंतू वाढतात. अशा रीतीने गाळ वरखाली करणारे प्राणी पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यात मिसळण्यास मदत करतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर निवटी हा मासा या जीवनाचे उत्तम उदाहरण आहे. तो ओहोटीच्या वेळी वक्षपरांच्या साहाय्याने चिखलावर सरपटतो, उड्या मारतो, चिखलावरील शैवलांचा थर खातो व ओलसर त्वचा आणि तोंडातील अस्तर यांच्याद्वारे हवेतील ऑक्सिजन घेतो. एक नांगी अवाढव्य असलेल्या खेकड्यांचे नर ती नांगी हलवून माद्यांना आकर्षित करतात व प्रतिस्पर्ध्यांना इशारा देतात. भरतीच्या पाण्याबरोबर कोळंबी व अनेक माशांची पिले मैदानावर चरावयास येतात. उथळ व गढूळ पाण्यात मोठ्या भक्षकांपासून त्यांना आश्रय मिळतो. किनाऱ्यापासून दूर पकडल्या जाणाऱ्या मासळीपैकी काही जातींचे बालपण अशा ठिकाणी गेलेले असते.

पाणपक्षी : ओहोटीची मैदाने ही स्थलांतरी पाणपक्ष्यांची खाद्यभूमी आहे. एकाच चिखलावर अनेक जाती एकत्र चरू शकतात. कारण प्रत्येकीच्या चोचीची लांबी व चरण्याची पद्धत निराळी असते. चिखल्या पृष्ठभागावरील भक्ष्य नजरेने टिपतो, टिलवा वरच्या थरात भराभर चोच मारतो, पाणटिवळा सरळ लांब चोच खोल खुपसतो, तर कर्ल्यू हा पक्षी आपल्या वाकड्या चोचीने खोल बिळांतील कृमी व खेकडे ओढून काढतो. रोहित पक्ष्याच्या (अग्निपंखाच्या) चोचीत गाळणीसारखी रचना असते. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शैवले, तर मोठा रोहित लहान प्राणीही गाळून खातो.

या पक्ष्यांचे दिवसाचे वेळापत्रक सूर्यापेक्षा भरती-ओहोटीवर अधिक अवलंबून असते. भरतीत मैदान बुडाले, की त्यांना विसाव्यासाठी जवळच उघडी, सुरक्षित जागा लागते. मिठागरे, उथळ तलाव व पाणथळ पडजमिनी ती गरज भागवितात. विसाव्याची जागा नष्ट झाल्यास मैदान शाबूत असूनही पक्षी तेथे टिकत नाहीत. लांब पल्ल्याच्या प्रवासात तर मैदानांचे महत्त्व निर्णायक ठरते. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याच्या एका पिलाने २०२२ मध्ये अलास्कापासून टास्मानियापर्यंत सु. १३,५६० किमी. अंतर कोठेही न थांबता पार केले. परतीच्या वाटेवर मात्र ही जात पीत समुद्राच्या मैदानांवर उतरून चरबी साठविते. वाटेतील असा एखादाच थांबा नाहीसा झाला, तरी हजारो किमी. दूर असलेल्या विणीवर त्याचा परिणाम होतो.

मानवी संबंध : कोकण व गोवा येथील किनारी समाजांचा या मैदानांशी जुना संबंध आहे. ओहोटीच्या वेळी कालवे, तिसऱ्या, चिंबोऱ्या गोळा करणे हे काम बहुतांशी स्त्रिया करीत आल्या असून त्यातून घरच्या अन्नाची व हातखर्चाची सोय होते. निवटी पकडणे हेही खाडीकाठच्या मच्छीमारांचे एक कौशल्याचे काम आहे. कोकणात बांध घालून भरतीचे पाणी अडविलेल्या शेतजमिनींस खार किंवा खाजण म्हणतात. गोव्यात मांडवी व जुवारी नद्यांच्या काठी अशा खाजण जमिनींत बांध व पाणी आत-बाहेर सोडणारी लाकडी दारे (मानस) यांच्या योगे भातशेती व मत्स्यसंवर्धन या दोहोंचा मेळ घातलेला आढळतो. या पद्धतीत भरती पूर्णपणे बंद केली जात नाही, ती नियंत्रित केली जाते. हा तिचा विशेष होय.

मैदानाचा आणखी एक उपयोग लक्षात येण्यास वेळ लागला. रुंद व उथळ मैदानावरून येताना लाटांची शक्ती तळाशी होणाऱ्या घर्षणामुळे खर्ची पडते आणि मागील वस्ती व बांध यांना संरक्षण मिळते. गाळाच्या थरांत सेंद्रिय कार्बनही दीर्घकाळ गाडला जातो.

अधिवासांतील बदल : विसाव्या शतकापासून किनाऱ्यावरील बदलांचा वेग फार वाढला. पूर्व आशिया, मध्यपूर्व व उत्तर अमेरिका या, दीर्घ कालखंडाची माहिती उपलब्ध असलेल्या प्रदेशांत १९८४ ते २०१६ या काळात सु. १६% मैदाने नष्ट झाली. बदलाची मुख्य कारणे चार आहेत.

(१) भराव : पीत समुद्रातील मैदानांपैकी सु. ६५% पर्यंत क्षेत्र पाच दशकांत नाहीसे झाले असावे, असा अंदाज २०१४ मध्ये करण्यात आला. दक्षिण कोरियात सेमांगम येथे ३३ किमी.हून अधिक लांबीच्या बांधाने सु. ४०० चौ. किमी. क्षेत्र २००६ मध्ये समुद्रापासून तोडण्यात आले. तेथे मोठ्या संख्येने उतरणाऱ्या मोठ्या नॉट या पक्ष्याची संख्या झपाट्याने घटली. हे पक्षी शेजारच्या मैदानांवर जाऊन तगतील, ही अपेक्षा फोल ठरली. कारण ती मैदाने रिकामी नव्हती, त्यांवरील अन्नाचे वाटेकरी आधीच ठरलेले होते. मुंबई शहराचा विस्तारही असाच झाला. सात बेटांमधील भरतीचे पाणी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीजवळ हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून अडविण्यात आले व पुढे मधील उथळ प्रदेश भरून काढण्यात आला.

(२) गाळाची तूट : धरणांमागे गाळ अडल्याने नदीमुखाशी त्याची आवक घटते. चीनमधील यांगत्सी नदी विसाव्या शतकाच्या मध्यास वर्षाला सु. ५० कोटी टन गाळ समुद्रात आणीत असे. वरच्या खोऱ्यातील धरणे व २००३ मध्ये पाणी साठविण्यास सुरुवात झालेले थ्री गॉर्जेस धरण यांनंतर हे प्रमाण सु. १५ कोटी टनांच्या आसपास उतरले.

(३) समुद्राच्या पातळीतील वाढ : १९०१ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी पातळी सु. २० सेंमी. वाढली आणि २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला ३·७ मिमी. झाला. पूर्वी अशा वेळी मैदान जमिनीकडे सरकत असे. आता मागे रस्ता, भिंत किंवा वस्ती असल्याने ते सरकू शकत नाही. समुद्राकडून पाणी व जमिनीकडून भिंत यांच्या कात्रीत ते अरुंद होत जाते. या क्रियेस किनारी अधिवासाचा संकोच म्हणता येईल.

(४) वनस्पतींचे आक्रमण : चीनमध्ये १९७९ मध्ये किनारा धरून ठेवण्यासाठी उत्तर अमेरिकेतील स्पार्टिना हे खाऱ्या दलदलीतील गवत आणण्यात आले. ते मैदानांवर वेगाने पसरले आणि उघड्या चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांची जागा त्याने व्यापली. झीज थांबविण्याचा उपाय येथे अधिवासाच्या नाशास कारण ठरला व पुढे ते गवत काढून टाकण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.

ठाण्याची खाडी : एक अधिवास दुसऱ्याची जागा कशी घेतो, याचे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणून ठाण्याच्या खाडीचा उल्लेख करता येईल. सु. २६ किमी. लांबीची ही खाडी मुंबई बंदराच्या बाजूस रुंद असून ठाण्याकडे अरुंद होत जाते व तेथे चिंचोळ्या प्रवाहाने उल्हास नदीच्या खाडीशी जोडलेली आहे. गोड्या पाण्याचा मोठा पुरवठा तिला पावसाळ्यातच होतो. इतर काळात तिच्यावर भरती-ओहोटीचेच प्रभुत्व असते. दोन्ही काठांवर महानगर वाढल्याने तिच्यात सांडपाणी व कारखान्यांतील दूषित पाणी येत गेले, भरावांनी तिचे पात्र आक्रसले आणि पुलांच्या खांबांभोवती प्रवाह मंदावून गाळ साचू लागला. अशा उंचावलेल्या चिखलावर तिवराची रोपे रुजतात, त्यांची वर उगवणारी श्वसनमुळे आणखी गाळ अडवितात आणि मैदानाचे हळूहळू वनात रूपांतर होते. गेल्या काही दशकांत या खाडीच्या अनेक भागांत कांदळवनाचा पट्टा रुंदावला असून त्या प्रमाणात उघडा चिखल घटला आहे.

याच खाडीत शिवडी व तिच्या उत्तरेकडील भागात १९९० नंतरच्या दशकापासून लहान रोहित पक्षी हजारोंच्या संख्येने येऊ लागले. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे शैवलांची झालेली वाढ हे त्याचे एक कारण मानले जाते. मात्र पक्ष्यांची गर्दी हा पाणी निर्मळ असल्याचा पुरावा नव्हे. प्रदूषण एका मर्यादेपलीकडे गेल्यास शैवले व कृमी यांच्या काही थोड्याच सहनशील जाती उरतात. २०१५ मध्ये शासनाने ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केले. त्याच्या सु. १,६९० हेक्टर क्षेत्रापैकी ८९६ हेक्टर कांदळवन व ७९४ हेक्टर लगतचे जलक्षेत्र आहे. २०२२ मध्ये या खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशांच्या रामसर यादीत झाला. शिवडीच्या चिखलमैदानावरून जाणारा व मुंबईस नवी मुंबईशी जोडणारा सागरी सेतू जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. भरतीच्या वेळी रोहित पक्षी नवी मुंबईतील नेरूळ परिसरातील तलावांवर विसाव्यास जातात. त्यामुळे अभयारण्याच्या सीमेबाहेरील या तलावांचे भवितव्य खाडीतील पक्ष्यांच्या भवितव्याशी जोडलेले आहे.

संरक्षण : भारतात १९९१ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने भरती व ओहोटी यांच्या रेषांमधील पट्ट्यास संरक्षण दिले. २०११ च्या अधिसूचनेत जैव दृष्ट्या क्रियाशील चिखलमैदानांचा संवेदनशील क्षेत्रांत स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ मधील आदेशांमुळे कांदळवनांच्या तोडीस आळा बसला. कांदळवन डोळ्यांस दिसते व त्याची तोड लगेच लक्षात येते. उघडा चिखल मात्र रिकामा समजला जातो. त्यामुळे वृक्षारोपणाच्या हेतूनेही त्याचा बळी जाऊ शकतो. फिलिपीन्समध्ये उघड्या मैदानांवर व सागरी गवताच्या पट्ट्यांत लावलेली खारफुटीची रोपे मोठ्या प्रमाणात मेली आणि मूळच्या अधिवासाचीही हानी झाली. कांदळवन जेथे तोडले गेले तेथे ते पुन्हा वाढू देणे इष्ट असले, तरी मैदान वनाखाली आणणे म्हणजे ते सुधारणे नव्हे.

इतरत्र काही निराळे प्रयत्न झाले आहेत. वाडन समुद्रास २००९ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. चीनच्या पीत समुद्रकिनाऱ्यावरील मैदानांना २०१९ मध्ये व दक्षिण कोरियातील मैदानांना २०२१ मध्ये तो लाभला. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातील वॉलसी बेटावर लंडनच्या भुयारी रेल्वेमार्गाच्या खोदकामातील माती टाकून जमिनीची पातळी उंचावण्यात आली व २०१५ मध्ये जुना बांध मुद्दाम फोडून भरतीस आत येऊ देण्यात आले. तेथे खारी दलदल व मैदाने पुन्हा तयार होत आहेत. १९९९ ते २०१९ या काळात जगभरात मैदाने, खाऱ्या दलदली व कांदळवने मिळून सु. १३,७०० चौ. किमी. क्षेत्र नष्ट झाले व सु. ९,७०० चौ. किमी. नव्याने निर्माण झाले. यावरून हे अधिवास स्वतःस सावरू शकतात असे दिसते. मात्र त्यासाठी गाळ, पाणी आणि मागे सरकण्यास जागा या तिन्ही गोष्टी उपलब्ध असाव्या लागतात. यांपैकी जागा राखणे हे बहुतेक किनाऱ्यांवर मनुष्याच्या हाती असून, किनाऱ्यालगतच्या बांधकामाची रेषा कोठे आखली जाते, यावर मैदानांचे पुढील अस्तित्व मोठ्या प्रमाणात अवलंबून राहील.